ओव्हनशिवाय ईस्टर आणि माचाचे उद्योग (अनुभव लिहा)

पिठलंभात
काल फडताळ आवरताना माचाचा (जपानी हिरव्या चहाची पूड) जुना डबा सापडला. हिरवा रंग जाऊन पार पिवळट, वास पेंढ्याचा. आणि एकदम इंग्लंडात रेडिंगमधला आमचा पहिला ईस्टर आठवला.

भाड्याच्या घरातला ओव्हन बंद. लेकीच्या शाळेतून चिठ्ठी, ईस्टरसाठी घरटी करून पाठवा. इथे वितळलेल्या चॉकलेटात कॉर्नफ्लेक्स घोळवून कागदी वाट्यांत भरतात, वर तीन छोटी चॉकलेटची अंडी. ओव्हन लागतच नाही. पण मला हुशारी सुचली: तपकिरी सगळेच करतात, आपण हिरव्या गवताची करू. पांढरं चॉकलेट 200 ग्रॅम, कॉर्नफ्लेक्स 80, माचा दोन चमचे. माचाच्या गुठळ्या दिसल्या म्हणून चमचाभर गरम पाणी ओतलं, शेवटी चहाच ना तो! बघता बघता चॉकलेटचा घट्ट गोळा. रात्रीचे साडेदहा. नवरा वाकून बघतो आणि म्हणतो, "पालकाचं पिठलं?"

शेवटी गोळे वळले, डेसिकेटेड खोबऱ्यात लोळवले आणि पाठवले. डब्यात 12 गेले, 9 परत आले.

तुमचे असले उद्योग लिहा.

कोकमसार
पाणी!!! अगं पांढऱ्या चॉकलेटला थेंब चालत नाही. माचा चाळून चमचाभर कोमट खोबरेलात घोटायचा (खायच्या, डोक्याच्या नव्हे), मग मिसळायचा. वाफेवर वितळवताना खालचं पाणी वरच्या भांड्याला लागू द्यायचं नाही.

रात्रपाळी
साबांनी (सासूबाईंनी) माझा माचा मेंदी समजून लोखंडी कढईत भिजवला. रंग चढला नाही म्हणून मेंदीच्या दुकानदाराला आठवडाभर शिव्या. मी अजून सांगितलेलं नाही.

कोकमसार
सांगूही नकोस =))

वसईची सून
आमच्याकडे ईस्टरला मार्झिपानची अंडी. काजू, साखर, अंड्याचा पांढरा बलक, गुलाबपाणी, सगळं गॅसवर घोटायचं, हात मोडतो. सासूबाईंचे रबरी साचे माझ्या लग्नाआधीपासूनचे. गेल्या वर्षी पुतण्याने अर्ध्या गोळ्यात माचा मळला. मला चव आवडली, काजूचा गोडमिट्टपणा कमी होतो. सासूबाईंनी अंडं चष्म्याजवळ नेलं, "बुरशी लागली का रे याला?" नंतर तीन खाल्ली.

एकटा टायगर
माचा म्हणजे ग्रीन टीच ना? मग एवढा महाग का?

निशीकासाईकर
@एकटा टायगर, खुडण्याआधी काही आठवडे झुडपं झाकून सावलीत ठेवतात, मग देठ-शिरा काढून पानं जात्यावर दळतात. चोथा गाळायचा नाही, अख्खं पानच पोटात.

इथे टोकियोत ईस्टरची सुट्टी नसते, पण माचा आणि पांढरं चॉकलेट बारा महिने. प्यायचा माचा वेगळा आणि मिठाईचा वेगळा मिळतो. मिठाईचा स्वस्त आणि जास्त कडू, साखरेपुढे तोच टिकतो. महागातला चॉकलेटात घालून वाया घालवू नका. उघडलेला डबा घट्ट लावून फ्रिजमध्ये, उजेडाने रंग उडतो.

सदाशिव पेठ ते सिंहगड रोड
एप्रिल, पुणे, न भाजता चीजकेक. चक्का, कंडेन्स्ड मिल्क, माचा, खाली बिस्किटांचा चुरा. दुपारी लाइट गेली ती चार तास. संध्याकाळी चमच्याने वाढलं. आमचे हे म्हणाले, हिरवं श्रीखंड झक्कास, पुऱ्या कुठायत?

रात्रपाळी
पुऱ्या करायच्या की!

शाकाहारी मांजर
जिलेटिन नाही ना कशात? मी चायना ग्रास घालते. पण ते उकळावं लागतं. माचा नंतर, थोडं निवल्यावर. आधी घातला तर रंग शेवाळी होतो.

घाईत आहे
मुलांना संध्याकाळी देऊ नका, चहा आहे तो. आमचे चिरंजीव रात्री 1 वाजता हॉलमध्ये सायकल चालवत होते. कुकर झाला, येते.

पिठलंभात
@कोकमसार खोबरेलाचं लिहून ठेवलं. लेक आता 14 ची आहे, म्हणते ते पिठलंच परत कर. @वसईची सून, रबरी साचा नाही, मोदकाचा चालेल?

वसईची सून
चालेल. तुपाचा हात लाव. पण मग ते मोदकच गं.

रात्रपाळी
21 कर.