कडा, दरड, नेढं : मोनेच्या समुद्राला मराठीत काय म्हणायचं?

उंबरठा : शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गासाठी काही चित्रांची माहिती मराठीत लिहितोय. गाडी फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेपाशी अडली. एक चित्र १८८२चं, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं. नॉर्मंडीत पूरव्हिलला समुद्रावर उंच हिरवा माळ, वाऱ्याने लवलेलं गवत, काठाजवळ दोन बायका, एकीच्या हातात छत्री, खाली पाण्यावर शिडांचे ठिपके. दुसरं १८८३चं, एत्रता गावाजवळची 'मानपोर्त' ही दगडी कमान, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं. अशा किनाऱ्याला फ्रेंचमध्ये 'फालेझ' म्हणतात. मी 'समुद्रकडा' लिहिलं. बायकोने वाचून विचारलं, "हा भूगोलाचा पेपर आहे का?" सुचवा काहीतरी.

कातळवेडा : नुसतं 'कडा' लिहा की. कोकणकडा म्हणतो तेव्हा पुढे 'डोंगर' जोडावा लागत नाही. आणि कड्यात 'कड' आहे, म्हणजे काठ. पूरव्हिलच्या चित्रात खडकाची भिंत फारशी दिसतच नाही, बायका कडेला उभ्या आहेत एवढंच कळतं. शब्द चपखल बसतो.

खाडीकाठ : आमच्याकडे समुद्राजवळ कुणी 'कडा' म्हणत नाही हो. वर असतो तो सडा, म्हणजे खडकाळ माळ, खाली असतं ते खडप, म्हणजे पाण्यालगतचा कातळ. गळ घेऊन माणूस खडपावर जातो, कड्याखाली नाही. कडा हा घाटावरचा शब्द.

तैलरंग : सडा म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे जांभा येतो, लाल, भोकाभोकाचा. एत्रताचा दगड पांढरा, चक्क खडूचा, मधे चकमकीच्या दगडाचे आडवे थर. लाटा खडू खातात, चकमक उरते आणि घासून गोल होते. म्हणून तिथे वाळूऐवजी गोटेच गोटे. गंमत म्हणजे मोने त्या पांढऱ्या दगडाला पांढरा ठेवत नाही. मानपोर्तच्या पोटात ऊन शिरलंय तिथे गुलाबी-पिवळे फटकारे, सावलीत निळा-जांभळा. जवळून बघाल तर दगड नाहीच, नुसते फटकारे. 'खडूचा कडा' लिहा, मुलांना फळ्याचा खडू लगेच आठवेल.

उंबरठा : खडूचा कडा आवडलं. 'दरड' कसं वाटतं?

कातळवेडा : पूर्वी चाललं असतं, नदीच्या उंच काठालाही दरड म्हणत. आता ती फक्त कोसळते. मुलं विचारतील, घाट बंद आहे का? अर्थात एत्रतालाही कड्याचे तुकडे पडतात म्हणा.

आता कमानीचं. भूगोलाच्या पुस्तकात 'सागरी कमान' आणि शेजारच्या सुट्या खांबाला 'सागरी स्तंभ'. दोन्ही शब्द वाचले की सरकारी उद्घाटन आठवतं. एत्रताला आणखी एक कमान आहे, 'पोर्त दाव्हाल'. पोर्त म्हणजे दार. तिच्या शेजारी पाण्यात उभा आहे तो सुळका, त्याचं फ्रेंच नाव 'एग्वी', म्हणजे सुई. आणि आपण डोंगरातल्या आरपार भोकाला काय म्हणतो? नेढं! राजगडाच्या सुवेळा माचीवर आहे, रतनगडावर आहे. नेढं म्हणजे सुईचंच भोक. त्यांनी खांबाला सुई म्हटलं, आपण भोकाला सुईचं नाक. मला तर दोन्ही गावांनी मिळून एकच सुई बनवल्यासारखं वाटतं.

खाडीकाठ : वा! मग कड्यावरची हरकत मागे घेतो, नेढं द्या. फक्त एक. नेढ्यात आपण चढून बसतो, वारा खातो. मानपोर्तखालून ओहोटीला चालत जाता येतं आणि भरती आली की पळावं लागतं. मोने पळाला नाही. १८८५च्या नोव्हेंबरात तिथेच चित्र काढत बसला होता, भरती-ओहोटीचा अंदाज चुकला. लाटेने उचलून कड्यावर आपटलं, कॅनव्हास ठेवायचा लाकडी घोडा, रंग, कॅनव्हास सगळं पाण्यात. आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याने आधीच हटकलं असतं, "अरे, पाणी बघ." 'नेढं' शब्दात हे पाणी येत नाही.

तैलरंग : खरंय. म्हणून मी 'दर्यातलं नेढं' म्हणेन. आणि जाता जाता, इम्प्रेशनिझमला, म्हणजे मोनेच्या चित्रशैलीला, 'दृक्प्रत्ययवाद' लिहिणार असाल तर एकदा लिहा आणि सोडा. विश्वकोशातला शब्द आहे, चुकीचा नाही, पण दुसरीतल्या पोराला जोडाक्षरातच धाप लागेल. १८७४च्या प्रदर्शनावर लिहिताना लुई लरॉय या टीकाकाराने मोनेच्या चित्राच्या नावातला 'इम्प्रेशन' शब्द टिंगलीने उचलला, तोच पुढे चिकटला. मराठी शब्दात ती टिंगल कुठे आहे?

उंबरठा : आभार सगळ्यांचे. पाट्या अशा लावतो : 'पूरव्हिलच्या कड्यावरचा फेरफटका' आणि 'मानपोर्त : दर्यातलं नेढं'. दगडाचं वर्णन खडूच्या कड्याचं. 'इम्प्रेशनिझम' तसाच देवनागरीत.

एकच राहिलं. त्या बाईच्या हातातली छत्री उन्हासाठी आहे. आपल्याकडे छत्री म्हटलं की पाऊस. मुलं आभाळात ढग शोधत बसतील.

खाडीकाठ : उन्हाची छत्री म्हणा. आमची आजी तशीच म्हणायची, आणि पावसातही तीच उघडायची.