थोरल्या भावाला, दाराला मारणाऱ्या औरंगजेबाकडूनच जहांआराने पादशाह बेगमचा, म्हणजे राज्यातल्या पहिल्या बाईचा मान घेतला, मग तिची निष्ठा नक्की कुणाशी?

चांदणवेल:
दिल्लीला गेले होते तेव्हा निजामुद्दीन दर्ग्याच्या आवारात शाहजहानच्या थोरल्या लेकीची, जहांआराची कबर बघितली. चारी बाजूंनी संगमरवरी जाळी, वर उघडं आकाश, आणि कबरीवर दगड नाही तर माती आणि गवत. शिळेवर फारसी शेर आहे, माझी कबर हिरवळीशिवाय कशाने झाकू नका, गरिबाला एवढं पांघरूण पुरे. एके काळी सुरत बंदराचं उत्पन्न जिच्या नावावर होतं त्या बाईची ही कबर, त्यामुळे घरी आल्यापासून तीच डोक्यात आहे.

माझं मत आधीच सांगते. शाहजहानच्या घरात सगळ्यात प्रामाणिक माणूस तीच होती. १६३१ ला बुऱ्हाणपूरला आई मुमताज चौदाव्या बाळंतपणात गेली तेव्हा ही १७ वर्षांची, आणि त्या वयात जनानखाना, धाकटी भावंडं आणि खचलेला बाप सगळं तिच्यावर आलं. दाराचं लग्न आई गेल्याने लांबलं होतं ते १६३३ मध्ये तिने पुढे होऊन लावून दिलं. आणि १६५८ ला औरंगजेबाने बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडल्यावर ती बापाजवळ राहिली, जानेवारी १६६६ मध्ये तो जाईपर्यंत, म्हणजे साडेसात वर्षं! धाकट्या बहिणीसारखं, रोशनआरासारखं जिंकणाऱ्या भावाच्या बाजूने जाणं तिला अवघड नव्हतं. हरलेल्या बापासाठी इतकं कोण करतं सांगा.

रोखठोक_बोलू:
बापाची सेवा केली हे मान्य, त्याबद्दल आदरच आहे. पण पुढचं का नाही लिहिलंत? शाहजहान गेला आणि त्याच वर्षी औरंगजेबाने तिला परत पादशाह बेगम केलं आणि तिने ते घेतलं. ज्याने १६५९ मध्ये दाराला मळक्या हत्तिणीवर बसवून दिल्लीभर फिरवलं आणि नंतर मारलं, मुरादला ग्वाल्हेरला संपवलं, त्याच्या राज्यातली पहिली बाई म्हणून ती पुढची पंधरा वर्षं जगली. दारावर जीव होता म्हणता तर हे कसं जमतं? मला तर ही सरळ तडजोड वाटते.

आणि भांडणाचं मूळ पण बघा की. शुजा बंगालमध्ये, मुराद गुजरातमध्ये, औरंगजेब दख्खनमध्ये, आणि दारा मात्र कायम बापाच्या हाताशी. बापाचं आणि थोरल्या बहिणीचं माप एकाच पोराच्या पदरात पडत असेल तर बाकीच्यांच्या मनात काय साठणार? तिच्या प्रेमाने घर जोडलं कमी आणि तोडलं जास्त असं माझं ठाम मत.

चांदणवेल:
एकाच पोराच्या पदरात नाही हो. १६४४ ला तिच्या कपड्यांनी दिव्यावर पेट घेतला आणि ती मरणाच्या दारात होती तेव्हा औरंगजेब दख्खनहून तिला बघायला आग्र्याला आला, आणि तिथेच बापाची मर्जी गेल्याने त्याची सुभेदारी काढून घेतली गेली. ती त्याला परत मिळावी म्हणून बापाकडे रदबदली कुणी केली? हिनेच, आणि १६४५ मध्ये त्याला गुजरात मिळाला. आग्र्याजवळच्या सामूगढची लढाई दारा हरल्यावर औरंगजेबाने आग्र्याच्या किल्ल्याचं यमुनेचं पाणी तोडलं, त्या दिवसांत हीच त्याच्याकडे वाटणीचा प्रस्ताव घेऊन गेली, पंजाब दाराला, बंगाल शुजाला, गुजरात मुरादला, दख्खन औरंगजेबाच्या मुलाला आणि बाकी सगळं राज्य औरंगजेबाला. त्याने ऐकलं नाही. चौघं भाऊ जिवंत राहावेत म्हणून धडपडणारी त्या घरात ती एकटी होती.

गडवाट:
मी वेगळ्या बाजूने बोलतो. १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा फटका हिच्याच उत्पन्नाला बसला, आणि १६६६ ला महाराज आग्र्याला असताना त्यांना कडक शिक्षा करा म्हणून बादशहाकडे आग्रह धरणाऱ्यांत ही बाई पण होती. महाराजांचा जीव तिथे टांगणीला लागला होता. म्हणून आपण मराठी माणसांनी हिच्यासाठी गळा काढावा हे मला पटत नाही, सॉरी.

पाणवठा:
गडवाट, मुद्दा बरोबर आहे पण तो तिच्या घरातल्या निष्ठेच्या विरुद्ध कसा जातो? ती मोगलांची शहजादी, आपल्या बंदराची लूट तिला सलणारच. आपल्याला महाराज प्यारे, तिला तिचं घर.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. रोशनआराने औरंगजेबाची बाजू घेतली की ते कारस्थान, जहांआराने दाराची घेतली की ती माया. असं का? दोघींनी एकेका भावाला धरलं. रोशनआराने दाराला मारायला लावलं हे लिहिणारा बर्निए परदेशी डॉक्टर, पडद्याआडचं त्याच्या कानावर ऐकीवच येणार. आणि निष्ठेचंच बोलायचं तर दाराच्या बायकोचं, नादिरा बानूचं नाव धाग्यात कुणीच कसं घेतलं नाही? दारा वणवण पळत असताना ती शेवटपर्यंत त्याच्यासोबत होती आणि बलुचिस्तानातल्या बोलन खिंडीच्या वाटेवर वारली. तिला हिंदुस्थानच्या मातीत पुरायचं म्हणून दाराने उरलेसुरले विश्वासू स्वार तिच्या शवासोबत लाहोरला पाठवले, सूफी संत मियाँ मीरच्या दर्ग्याजवळ. मग स्वतःजवळ कोण उरलं? थोड्याच दिवसांत तिथल्या सरदाराने, मलिक जीवनने त्याला पकडून दिलं, ज्याचा जीव दाराने पूर्वी शाहजहानकडे शब्द टाकून वाचवला होता. मला तर हे वाचून रडू आलं होतं.

रोखठोक_बोलू:
पाणवठा, नादिरासाठी शंभर टक्के सहमत. तिने नवऱ्याच्या शत्रूकडून काही घेतलं नाही. माझा मुद्दा तोच तर आहे. शाहजहान औरंगजेबाला माफी द्यायला परत परत नकार देत होता, शेवटी जहांआराने त्याच्याकडून औरंगजेबाला माफ केल्याचा माफीनामा लिहून घेतला. बापाच्या शेवटच्या दिवसांत हे कशाला? स्वतःचं पुढचं सुरक्षित करायला, दुसरं काय?

चांदणवेल:
यावर घरातलंच सांगते. आमच्या आजोबांची शेवटची नऊ वर्षं आत्याने काढली. दोन्ही काकांचं वाड्यावरून कोर्टात चालू होतं, थोरल्याने तर आजोबांशी बोलणं टाकलं होतं. आजोबा जायच्या आधी आत्याने त्यांना हट्टाने त्याच काकांच्या नावाने चार ओळी लिहायला लावल्या, आणि पुढच्या भाऊबीजेला ती त्यांना ओवाळायला गेली. आई तिच्यावर चिडली होती, मी पण चिडले होते, लाचारी वाटली होती. नंतर कळलं की धाकट्या काकांच्या मुलीचं शिक्षण त्या थोरल्या काकांच्या घरी राहून झालं, आणि ते आत्याने जुळवलं होतं.

म्हणून जानी बेगमचं विचारते. दाराची मुलगी, आईबाप दोन्ही गेलेली. तिला जहांआराने वाढवलं आणि १६६९ मध्ये औरंगजेबाच्या मुलाशी, आझमशी, तिचं लग्न आपल्या वाड्यातून लावून दिलं. माफीनामा फाडून ती बापाच्या कबरीशी बसून राहिली असती तर दाराच्या लेकीला त्या किल्ल्यात कुणी विचारलं असतं?

रोखठोक_बोलू:
जानी बेगमचं माझ्या डोक्यात नव्हतं आलं. तरी बापाच्या मारेकऱ्याच्या मुलाशी लग्न, हे त्या पोरीला कसं वाटलं असेल ते पण कुणीतरी लिहा.