बातमीदारी सोडून आमदारकी

पत्रकाराला फक्त प्रश्न विचारता येतात, हे तुमचं म्हणणं पटत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या डॅनिका रोम बघा. मनॅसस हे त्यांचं स्वतःचं गाव. स्थानिक वृत्तपत्रात वर्षानुवर्षं बातमीदारी केली आणि २०१७ मध्ये तिथूनच राज्याच्या विधानसभेला उभ्या राहिल्या. समोर १९९२ पासूनचे आमदार बॉब मार्शल. रोम पारलिंगी, त्यावरून टीकाही खूप झाली. पण त्या दारोदार बोलत राहिल्या ते रूट २८ या तिथल्या महामार्गावरच्या रोजच्या वाहतूक कोंडीबद्दल. आणि निवडून आल्या! गावातला कुठला प्रश्न किती वर्षं कुजतोय, हे बातमीदाराइतकं कुणाला ठाऊक असतं? शाळकरी मुलांच्या जेवणाचा विषयही त्यांनी पुढे सभागृहात लावून धरला.