भीष्मचं टरेट नक्की कुणाच्या घरचं?

स्केल_पस्तीस:
नमस्कार मंडळी. १/३५ मापाचं टी-९० रणगाड्याचं किट जोडतोय आणि टरेटपाशी (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) अडलोय. किटमधलं टरेट पालथ्या कढईसारखं गोल आहे. संचलनातल्या भीष्मचे, म्हणजे आपल्या टी-९० चे, फोटो बघितले तर मागची बाजू चक्क कोनात कापलेली. समोरून तर पाचर, थेट जर्मन रणगाडा लेपर्ड २ए५ आठवतो. मित्र म्हणतो, आपला देशी रणगाडा अर्जुन आणि टी-९० दोन्ही चेन्नईजवळ आवडीच्या कारखान्यातच बनतात, तेव्हा अर्जुनचंच टरेट उचलून बसवलं असणार. पटत नाही, पण खोडताही येत नाही. हा आकार मुळात आला कुठून?

रणधुमाळी:
लेपर्डची नक्कल, दुसरं काय. फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा.

निवृत्त_ओतारी:
ठेवून बघितले, म्हणूनच सांगतो की नक्कल नाही. मी रणगाडा कधी बनवला नाही, पण तीस वर्षं फाउंड्रीत गेली. ओतीव वस्तू लांबूनही ओळखतो.

अर्जुनचं आधी मिटवू. त्याची तोफ १२० मिमी, नळीत आटे असलेली, आणि हाताने गोळा भरणारा चौथा गडी टरेटमध्ये. टी-९० मध्ये माणसं तीनच. १२५ मिमी तोफेचे २२ गोळे टरेटखालच्या फिरत्या चकतीत असतात आणि भरायचं काम यंत्र करतं. अर्जुनचं टरेट इथे बसवायचं तर खालचा रणगाडाच नवा काढावा लागेल.

आता पाचर. ती टरेट नव्हेच, टरेटवर लावलेलं कोन्ताक्त-५ हे स्फोटक चिलखत आहे, गोळा आदळला की बाहेरच्या बाजूला फुटणाऱ्या विटांचं. टी-८०यू या सोव्हिएत रणगाड्यावर ते १९८५ मध्येच होतं, लेपर्ड २ए५ सैन्यात आला १९९५ ला. नक्कल असलीला दहा वर्षं थोरली कशी? शिवाय लेपर्डची पाचर आतून पोकळ, तिच्यात स्फोटक नसतं.

तेव्हा समोरून बघूच नका, तोंड विटांनी झाकलेलं आहे. विटा संपतात आणि मागच्या सामानाच्या पेट्या सुरू होतात, त्या मधल्या पट्ट्यात बघा. पोलाद साच्यात ओतताना धारदार कोपरा कुणी ठेवत नाही, थंड होताना तिथेच तडा धरतो. म्हणून ओतीव टरेटला कड सापडत नाही, सगळा बाक, आणि अंग खरबरीत. पत्रे जोडून केलेल्या टरेटला सपाट बाजू, सरळ रेघा, कोपऱ्यावर वेल्डिंगची शिवण.

आणि मूळ म्हणाल तर ते रशियातच आहे. टी-९० चं आधीचं नाव टी-७२बीयू, नामकरण १९९२ चं. सुरुवातीचं टरेट टी-७२बी या आधीच्या रणगाड्याचं, ओतीव, फुगीर गालांचं. टी-९० जिथे बनतो त्याच निझनी तागिल गावी ऑब्जेक्ट १८७ नावाचा प्रायोगिक रणगाडा झाला होता, वेल्डिंगच्या टरेटचा. तो सैन्यात गेलाच नाही, पण टरेटचा वारसा नंतरच्या टी-९० कडे आला. लाटलेला पत्रा तेवढ्याच जाडीच्या ओतीव पोलादापेक्षा चिवट असतो. ओताऱ्याला हे लिहिताना जिवावर येतं, पण आहे ते आहे.

रणधुमाळी:
१९८५ चं लक्षात नव्हतं. नक्कल शब्द मागे.

स्केल_पस्तीस:
काका, वरून काढलेला एक फोटो मिळाला. पेट्यांच्या अलीकडे सरळ कड स्वच्छ दिसते, करवतीने कापल्यासारखी. म्हणजे माझं किट चुकीचं? पुट्टी भरून कोपरे काढायला घेऊ का?

निवृत्त_ओतारी:
थांबा, पुट्टी वाया घालवू नका. २००१ च्या करारात आपण ३१० घेतले, त्यातले सुरुवातीचे गोल टरेटचेच होते. सुरुवातीच्या तुकडीतला म्हणून रंगवा, कोणी बोट ठेवणार नाही. तोफेच्या दोन्ही अंगांना किटमध्ये लाल डोळ्यांसारखे दिवे दिले असतील, ते मात्र चिकटवू नका. ती श्तोरा यंत्रणा, क्षेपणास्त्राला चकवणारी. आपण ती घेतली नाही, आपल्या रणगाड्यावर त्या जागी विटाच आहेत. किटमध्ये तेवढ्या विटा नसतील तर प्लॅस्टिकच्या पट्टीतून कापून घ्या, अर्ध्या तासाचं काम.