ऑक्टेव्हमध्ये सिग्नल पॅकेज टाकलंय तरी बटर फंक्शन सापडत नाही

प्रश्न: ऑक्टेव्ह या गणिती प्रोग्रॅममध्ये ईसीजी फिल्टर करायचाय. काल सिग्नल पॅकेज इन्स्टॉल केलं, नीट चाललं, पण आज ऑक्टेव्ह परत उघडलं तर बटर (फिल्टर बनवणारं फंक्शन) अनडिफाइन्ड म्हणतंय, परत इन्स्टॉल करू का?

उत्तर: नको नको, इन्स्टॉल एकदाच. लोड मात्र दर वेळी करावं लागतं, 'पीकेजी लोड सिग्नल'. मॅटलॅबवरून (ऑक्टेव्हसारखाच, पण विकतचा प्रोग्रॅम) आलेले बरेच जण इथेच अडकतात, तिथे टूलबॉक्स, म्हणजे तिथलं पॅकेज, टाकला की झालं.

दुसरं उत्तर: रोज टाइप करायचं नसेल तर होम फोल्डरमधल्या डॉट ऑक्टेव्हआरसी फाइलमध्ये (ऑक्टेव्ह उघडताना ती आपोआप चालते) ती लोडची ओळ टाक. पण स्क्रिप्ट कुणाला देणार असशील तर स्क्रिप्टमध्येच वर लिही, नाहीतर त्याच्याकडे हाच एरर येणार, आणि त्याला सांग की सिग्नलला कंट्रोल पॅकेजही लागतं.

प्रश्नकर्ता: चाललं! स्क्रिप्टमध्येच टाकली, मॅडमना पाठवायचीय. मनापासून थँक्स दोघांना.