मेलबर्न कप: आर्चर, त्याचं वजन आणि १८६३ ची तार

फोंडेकर: वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी मेलबर्न कपच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या, सुरुवातीच्या वर्षांवर टिपण लिहितोय. पहिला विजेता घोडा आर्चर पाचशे मैल चालत मेलबर्नला गेला म्हणतात, खरं का? लागोपाठ दोनदा जिंकूनही १८६३ ला तो उतरला का नाही? आणि हँडिकॅप म्हणजे नेमकं काय? घोड्याने पाठीवर वाहायचं वजन तर डर्बी शर्यतीतही असतंच.

खोगीर: फोंडेकरबाब, चालत गेल्याची कथा टिपणात घालू नका. ट्रेनर एतिएन द मेस्त्र याचा तबेला न्यू साउथ वेल्समध्ये नाउराजवळ होता. तिथून घोडा सिडनीला आणि सिडनीहून आगबोटीने मेलबर्नला आला.

पहिली शर्यत ७ नोव्हेंबर १८६१, गुरुवारी, मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सवर झाली. (मंगळवार ठरला तो १८७५ पासून.) अंतर दोन मैल, घोडे १७. एक सुरू होण्याआधीच उधळला, धावताना तीन पडले, त्यातले दोन मेले. आर्चरने मॉर्मनला सहा लांबींनी (एक लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाएवढं अंतर) हरवलं. वेळ ३ मिनिटं ५२ सेकंद, आजवरची सर्वांत संथ.

तराजू: आधी हँडिकॅप. डर्बीत सगळ्यांना एकच वजन असतं, फक्त मादीला थोडी सूट. मेलबर्न कपमध्ये प्रत्येक घोड्याचं वजन हँडिकॅपर त्याची आधीची कामगिरी बघून ठरवतो: चांगल्याला जड, साध्याला हलकं. त्या वजनात जॉकी आणि खोगीर दोन्ही धरतात. कमी पडेल तेवढं शिसं खोगिराखालच्या कापडाच्या कप्प्यांत भरतात. शर्यतीनंतर पुन्हा तोलतात, आणि वजन कमी भरलं तर जिंकलेला घोडाही बाद होतो. लांब पल्ल्याला जादा पौंडामागे घोडा एक लांबी मागे पडतो असा ढोबळ हिशेब धरतात.

आता आर्चर बघा. १८६१ ला ९ स्टोन ७ पौंड (सुमारे ६०.३ किलो), १८६२ ला १० स्टोन २ पौंड (६४.४), तरी जिंकला, दुसरा पुन्हा मॉर्मनच. मग १८६३ साठी दिलं ११ स्टोन ४ पौंड, म्हणजे ७१.७ किलो!

फोंडेकर: म्हणजे वजन बघून मालकाने माघार घेतली?

खोगीर: नाही, होकार कळवला होता. पण तार मेलबर्नला पोचली त्या दिवशी तिथे सुट्टी होती. ती मुदतीनंतर हाती पडली आणि शर्यत भरवणाऱ्या क्लबने प्रवेश नाकारला. चिडून न्यू साउथ वेल्सच्या मालकांनीही घोडे काढून घेतले. राहिले सात. इतके कमी घोडे त्या शर्यतीत पुन्हा कधीच नव्हते.

तराजू: त्या सातांतून बँकर जिंकला, वजन ५ स्टोन ४ पौंड (३३.६ किलो). आर्चर उतरला असता तर त्याला बँकरपेक्षा बरोबर सहा स्टोन, म्हणजे ३८ किलो जास्त वाहावे लागले असते. तेव्हा 'तार वेळेत आली असती तर तिसऱ्यांदा जिंकलाच असता' हे वाक्य कुठे वाचलंत तर उचलू नका.

जड वजनाचं खरं उदाहरण हवं तर १८९० चा कार्बाइन घ्या. १० स्टोन ५ पौंड घेऊन ३९ घोड्यांत पहिला आला, वेळ ३ मिनिटं २८ १/४ सेकंद. आणि अंतर लिहिताना सांभाळा: १९७२ पासून शर्यत ३२०० मीटरची आहे, दोन मैलांपेक्षा जवळपास १९ मीटर कमी. जुन्या-नव्या वेळा थेट शेजारी मांडू नका.