बाळंतपणाच्या सवलतींचा गोपनीय सर्व्हे : नाशिकच्या कंपन्यांना नेमकं विचारायचं काय?

अंबडची_एचआर

नमस्कार मंडळी,

अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआर बघते. मालकी अमेरिकेतली. स्टाफ आणि कायम कामगार मिळून तीनशेच्या आसपास, त्यात बायका पस्तीस. ठेकेदाराकडच्या मुली वेगळ्या. त्या आमच्या मस्टरवर नाहीत, पण असेंब्ली आणि फायनल इन्स्पेक्शन त्यांच्याच जिवावर चालतं.

मागे हेड ऑफिसकडून एक फॉर्म आला. प्रजनन आणि मातृत्वाच्या आरोग्यासाठी कोणती कंपनी काय देते याची गोपनीय पाहणी. भरलात तर इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता ते कळवतो, म्हणे. हौसेने भरायला बसले. पहिल्याच पानावर प्रश्न : कर्मचारी महिलेला गर्भपातासाठी दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर प्रवासखर्च देता का? तिकडे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, काही राज्यांनी बंदी आणली आणि मग बऱ्याच कंपन्यांनी ही सोय सुरू केली. त्यांच्या जागी प्रश्न रास्तच आहे. आपल्याकडे १९७१ पासून कायदा आहे, त्यासाठी सिडकोतल्या बाईला सुरत गाठावी लागत नाही.

पुढचा प्रश्न भरपगारी बाळंतरजेचा. अमेरिकेत केंद्राचा १९९३ चा कायदा १२ आठवडे देतो, तेही बिनपगारी आणि सगळ्यांना नाहीच. त्यामुळे पगार देणारी कंपनी तिथे उदार ठरते. मी ‘२६ आठवडे, पूर्ण पगार’ भरलं आणि आम्ही थेट वरच्या रांगेत! नुसता कायदा पाळला म्हणून शाबासकी. साहेब खूश, मेल सगळ्यांना फॉरवर्ड झाला. मला मात्र त्या मेलचा रागच आला. आमच्याकडे पाळणाघर म्हणजे सिक्युरिटी केबिनमागची कुलूपबंद खोली, आत जुने मॉनिटर.

तेव्हा डोक्यात आलं की ही तुलना इथल्या इथेच करावी. अंबड, सातपूर, गोंदे, सिन्नर. कायद्याच्या वर कोण काय देतं? एचआरवाल्यांच्या ग्रुपवर विषय टाकला तर बरेच जण तयार झाले, अट एकच : कुणी काय भरलं ते कुणाला कळता कामा नये. समजू शकते. कुणाचा युनियनशी करार तोंडावर आलाय, कुणाच्या मालकाला शेजारच्याने जास्त दिलेलं खपत नाही.

माझा प्रश्न याच्या पुढचा आहे. नुसतं धोरण विचारलं तर सगळ्यांचं सारखंच निघणार. आकडे कायद्यातलेच आहेत. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला तरी २६ आठवडे तेच, दोन हयात मुलं असतील तर १२ आठवडे, गर्भपातानंतर ६, पन्नास कर्मचाऱ्यांवर पाळणाघर. सगळे ‘हो’ वर टिक करणार आणि आपण काय, एकमेकांचं अभिनंदन करणार.

म्हणून मला वापर विचारायचा होता. रजेवर किती गेल्या, परत किती आल्या, वर्षभराने किती टिकल्या, गर्भपाताची रजा किती जणींनी घेतली. आणि इथेच घोडं अडलं. समजा पस्तीस बायका असलेल्या कंपनीने शेवटच्या रकान्यात ‘१’ लिहिलं. ती कोण, हे तिथल्या कँटीनमधलं कुणीही सांगेल. कंपनीचं नाव झाकलं म्हणून बाईचं नाव झाकलं जात नाही. आणि कंपनीचं नाव तरी किती झाकणार? नाशिक एवढंसं.

असं काम कुणी केलंय का? वापर न विचारता वापर कसा कळेल?

---

पाहणीवाला_पुणे

पगाराच्या पाहण्या बरीच वर्षं केल्यात, त्यातलं सांगतो.

एक दंडक आहे : कुठलाही आकडा बाहेर द्यायचा तर त्यामागे किमान पाच कंपन्या हव्यात, एकीचा वाटा पाव हिश्शाहून जास्त नको आणि माहिती तीन महिन्यांहून जुनी हवी. हा अमेरिकेतल्या १९९६ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमधून आला. स्पर्धक कंपन्या सर्व्हेच्या आडून पगार ठरवून घेतील ही भीती होती. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने त्या सूचना मागे घेतल्या, तरी हे काम करणारे अजून तेवढं पाळतातच. आपल्याकडेही २००२ चा स्पर्धा कायदा आहे, तेव्हा आकड्यांची देवाणघेवाण एचआरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजिबात नको. उत्तरं तिसऱ्या माणसाकडे जाऊ द्या. ग्रुपबाहेरचा सी.ए. चालेल, समाजकार्याचं कॉलेज त्याहून बरं. कंपन्यांची यादी आणि उत्तरं वेगवेगळ्या फायलींत ठेवायची, अहवाल निघाला की यादी नष्ट. हे आधी लेखी द्या.

सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा छापू नका. सर्वांत जास्त देणारी कंपनी कोणती असणार, हे नाशकात शेंबडं पोरही सांगेल. मधला आकडा द्या, फार तर वरचा आणि खालचा चतुर्थांश. भागवार फोड करायची नाही. गोंद्याला मोठ्या कंपन्या आहेतच किती?

तुमच्या ‘१’ वर मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. हे सगळे नियम कंपनीला झाकायचे आहेत. आकडा फॉर्मवर चढवणारा क्लार्क तुमच्याच ऑफिसात बसतो. तो रकानाच काढून टाका.

---

इन्स्पेक्शन_टेबल

ताई, मी तुमच्या त्या मस्टरवर नसलेल्यांपैकी. कंपनी तुमची नाही, सातपूरची होती. आता सोडली.

कागदावर मी ठेकेदाराची. ठेका बदलला की ठेकेदार बदलायचा, टेबल तेच, गेज तेच, सुपरवायझर तोच. दिवस गेलेत हे कळलं की नव्या ठेक्यात नाव येत नाही, हे लाइनवरच्या प्रत्येकीला माहीत होतं. कुणी काढत नव्हतं हो. नावच यायचं नाही, बस. म्हणून ढगळ ड्रेस घालून जमेल तितकं लपवायचं. उभं राहून काम. स्टूल मागितलं की ‘का?’ हा प्रश्न यायचा.

तिसऱ्या महिन्यात माझं पडलं. टायफॉईड म्हणून सांगितलं, कारण रजेचा अर्ज सुपरवायझरच्या टेबलावर उघडा पडलेला असायचा आणि येणारा-जाणारा वाचायचा. लगेच परत येऊन उभी राहिले. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, पगारातून दर महिन्याला कापला जात होता. त्यात अशा वेळी ६ आठवड्यांची रजा पैशांसकट मिळते हे मला नंतर नाशिकरोडच्या एका मैत्रिणीने सांगितलं. कंपनीच्या बोर्डावर सुरक्षा सप्ताहाचं पोस्टर होतं, हे नव्हतं.

तुमच्या सर्व्हेत मला एकच विचारावंसं वाटतं. रजेच्या अर्जावरचं कारण कोण कोण वाचतं?

---

सिन्नर_शेड

मालकाची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. सिन्नरच्या माळेगावला माझं छोटं युनिट आहे, बावीस माणसं.

पगार २१,००० च्या आत असेल तर मी ३.२५ टक्के भरतो, मुलगी ०.७५ टक्के भरते आणि बाळंतपणात पगाराचे पैसे ईएसआय थेट तिच्या खात्यात टाकतं. मला ओझं नाही. तीच मुलगी शिकून २४,००० वर गेली की २६ आठवड्यांचे १ लाख ४४ हजारांच्या आसपास माझ्या खिशातून, वर तिच्या जागी बदली माणूस. बावीस जणांच्या शेडला हा आकडा लहान नाही. त्यामुळे या पगाराला बाई घेताना मालक मनात हिशेब करतो. तोंडाने कुणी बोलत नाही. हिशेब करणारे सगळे दुष्ट आहेत असं समजून सर्व्हे केलात तर खोटी उत्तरं मिळतील.

पाळणाघराचं म्हणाल तर पन्नासच्या आत असल्याने मला बंधन नाही. पण नव्या संहितेत अनेक कंपन्यांनी पैसे एकत्र करून सामाईक पाळणाघर चालवायची मुभा आहे. आमच्या लेनमध्ये कुणी पुढाकार घेतला तर महिन्याला माझा वाटा द्यायला मी तयार आहे. हे विचारा की फॉर्ममध्ये : ‘सामाईक पाळणाघरात किती घालाल?’

---

पॉलिसीवाला

कंपन्यांचे ग्रुप मेडिक्लेम करतो, त्यातलं थोडं.

‘बाळंतपणाचा विमा आहे का’ एवढंच विचारू नका. विमा नियामकाच्या ठरावीक वगळण्यांच्या यादीत १७ वं कलम वंध्यत्वाचं आणि १८ वं बाळंतपणाचं. ग्रुप पॉलिसीत बाळंतपण जादा हप्ता भरून आत घेतात, बहुतेकांना ते माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की या १८ व्या कलमात अपघाताशिवाय झालेला गर्भपात आणि कायदेशीर गर्भपातही बसतो. म्हणजे कंपनीने बाळंतपण आत घेतलं नसेल तर क्युरेटिंगचं बिलही नाकारलं जातं. गर्भनलिकेतली गर्भधारणा मात्र या वगळण्यात येत नाही, तिचा क्लेम होतो. टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्या घेतात.

तेव्हा असं विचारा : सीझरची मर्यादा किती, नऊ महिन्यांची प्रतीक्षा माफ आहे का, बाळ पहिल्या दिवसापासून आत येतं का, बाळ काचेच्या पेटीत ठेवलं तर ते पैसे आईच्या मर्यादेतून जातात की वेगळे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक एचआरना पॉलिसी उघडल्याशिवाय देता येत नाही. उघडू देत.

---

अंबडची_एचआर

सगळ्यांचे आभार. इन्स्पेक्शन_टेबल, तुमचा प्रतिसाद वाचून मी आमच्या रजेच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरले. रजेचं कारण लाइन लीडर, सुपरवायझर, मॅनेजर आणि पगार करणारा मुलगा अशा चौघांना दिसतं. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने बाईचं नाव उघड केलं तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार त्याला तुरुंगवास होऊ शकतो. आमच्याकडे तोच दाखला चार स्क्रीनवर उघडतो. तुमचा प्रश्न फॉर्मवर पहिला ठेवतेय.

वापराचे रकाने काढले. त्याऐवजी तीन काल्पनिक बायका. प्रत्येक कंपनीने ‘ही आमच्याकडे असती तर तिला काय मिळालं असतं’ ते रुपयांत आणि आठवड्यांत भरायचं :

पहिली, पगार १८,०००, कायम कामगार, पहिलं बाळ, नॉर्मल डिलिव्हरी. दुसरी, पगार २४,०००, खाजगी दवाखान्यात सीझर, बाळ काचेच्या पेटीत, बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर कामावर हजर. तिसरी, ठेकेदाराकडची, तिसऱ्या महिन्यात गर्भपात, मधे ठेकेदार बदललेला.

तिसरीच्या पुढे जोडप्रश्न : नव्या ठेकेदाराने तिचा जुना ईएसआय नंबर चालू ठेवला का? नंबर तोच राहिला आणि वर्गणी भरली गेली तर आधीच्या दोन वर्गणी-कालखंडांत (सहा-सहा महिन्यांच्या) फायद्यासाठी लागणारे ७० दिवस जुन्या-नव्या ठेक्यांचे मिळून धरले जातात. नवा नंबर काढला की ती शून्यावर. हे मूळ मालक म्हणून आम्हाला तपासता येतं, कारण वर्गणीची शेवटची जबाबदारी आमचीच. २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी बायकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मस्टरवरच्या हंगामी बायकांनाही बाळंतपणाचे फायदे लागू केले होते. तेव्हा ‘त्या आमच्या नाहीत’ हे उत्तर मी फॉर्मवर पर्याय म्हणून देणारच नाहीये.

सिन्नर_शेड, तुमचा हिशेब पटला नाही असं म्हणणार नाही. पण तो मनात ठेवण्याऐवजी फॉर्मवर आला तर बरं. एक मोकळा रकाना ठेवते : ‘२६ आठवड्यांच्या पगारात काही वाटा सरकारने किंवा ईएसआयने उचलला तर या पगाराला आणखी बायका घ्याल का?’ उत्तरं बोलकी येतील.

एक अडचण राहिली. काल्पनिक बाईबद्दल कंपनी थाप मारू शकते.

---

पाहणीवाला_पुणे

मारतीलच थोडी. उपाय : प्रत्येक उत्तरापुढे ‘हे कुठे लिहिलंय?’ असा छोटा रकाना. पर्याय चार : नेमणूकपत्रात, पॉलिसीत, युनियन करारात, कुठेच नाही. कागद मागू नका, नाहीतर फॉर्म परत येणार नाहीत. नुसतं विचारलं तरी ‘कुठेच नाही’वर टिक करताना माणूस थबकतो. तसंही बाळंतपणाचे फायदे नेमणुकीच्या वेळी लेखी कळवणं २०१७ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे.

आणि फॉर्म मार्चमध्ये पाठवू नका, तेव्हा सगळे वर्षअखेरीत बुडालेले असतात. दिवाळी बोनसचा गोंधळ संपला की मग पाठवा. बारा कंपन्या जमल्या तरी अहवाल होतो. आठच्या खाली आल्या तर छापू नका, फक्त भरणाऱ्यांना द्या.

---

सिन्नर_शेड

माझं तेरावं नाव धरा. तिसऱ्या उदाहरणासाठी ठेकेदाराला आज फोन केला होता. ईएसआयचे नंबर विचारले तर म्हणाला, ‘अचानक कशाला हवेत?’ सोमवारी रजिस्टर घेऊन बोलावलंय.